पुटपुटणारी मुलं

मार्नीने स्टुलावरचा आपला कोट उचलून खुंटीला अडकवला आणि ते स्टूल टेबलापाशी सरकवलं.

"बस."

शेल्बी ड्रिफ्ट बसली. पाठीवरचं दप्तर तिने काढलं नाही. आठवीतली ही मुलगी यंदा उपमुख्याध्यापिका मार्नीच्या खोलीत इतक्यांदा आली होती, की हातातली चिठ्ठी कुठे ठेवायची हे तिला सांगावं लागत नसे. चिठ्ठी तिने संगणकाशेजारी ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

"निमेला सरांनी लिहिलंय, विचारल्यावर गप्प बसली, मग पुटपुटली. काय झालं?"

शेल्बी काहीतरी म्हणाली. मार्नीला पुढे वाकावं लागलं.

"काय म्हणालीस?"

"मी उत्तर दिलं होतं. ते म्हणाले, गणित उतरवून घेतलंस का? मी म्हटलं, 'हो, सर.'"

"मग रागवायला काय झालं त्यांना?"

शेल्बीने खांदे उडवले. मार्नीचा विश्वास बसला नाही. निमेला सर उगाच कुणाच्या वाटेला जाणाऱ्यांतले नव्हते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? शेल्बी ज्या स्टुलावर बसली होती ते मार्नीने त्यांच्याच हाताखाली बनवलं होतं, याच शाळेत, ते सुतारकाम शिकवायचे तेव्हा. पुढे सुतारकामाचा वर्ग बंद पडला आणि सरांच्या हाती गणिताचं पुस्तक आलं.

"तुला दुसऱ्या शाळेत पाठवायचं का, ते शुक्रवारच्या बैठकीत ठरणार आहे. आजीने सांगितलं ना तुला?"

"हो." शेल्बीने नख कुरतडलं. "मॅडम, त्या दुसऱ्या शाळेची बस घरी किती वाजता सोडते?"

"अंधार पडता पडता."

"मग आजोबांजवळ कोण बसणार? आजीची ड्यूटी तेव्हाच असते. त्यांना ऑक्सिजन लावलाय." मग ती म्हणाली, "मी मुद्दाम नाही पुटपुटत, मॅडम. आमच्या घरात कुणीच मोठ्याने बोलत नाही. आजोबांना झोप लागत नाही मग."

मार्नीने चिठ्ठी उलटी करून ठेवली.

दुपारी महिन्याची आकडेवारीची बैठक झाली. भिंतीवर नेहमीचे आलेख आले: गडबड कुठे होते, कधी होते, कसली होते. मुख्याध्यापक डग प्रेबिचचा या आलेखांवर भारी जीव, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जेवणघरातल्या मारामाऱ्या अशाच एका आलेखामुळे थांबल्या होत्या. पोरं वाईट नव्हती, दार अरुंद होतं; दुसरं दार उघडलं आणि भांडणं विरली. तेव्हापासून डग बाहेरच्या शाळांनाही ती गोष्ट सांगे, आणि दर वेळी ते दार थोडं जास्तच अरुंद होई.

सगळे उठून गेल्यावर मार्नी तिथेच बसून राहिली.

"डग, मी आलेख खोल्यांप्रमाणे लावून बघितलाय."

डगने दार लोटून घेतलं. "मार्नी, खोल्यांप्रमाणे लावायचं नाही, असं ठरलंय ना आपलं? खोली म्हणजे शिक्षक. उद्या संघटना माझ्या उरावर बसेल."

"बघ तर खरं."

तिने बटण दाबलं. बाकीच्या खोल्या जमिनीला चिकटून होत्या. जेवणानंतरच्या तासाला एकाच खोलीचा खांब पडद्याच्या वरच्या कडेला टेकला होता, आणि त्या खांबात जवळजवळ सगळं 'पुटपुटणे' आणि 'विचारल्यावर गप्प राहणे'. डगला खोलीचा नंबर वाचावा लागला नाही.

"म्हातारा थकलाय," तो म्हणाला. "उन्हाळ्यात निवृत्त होतोय. एवढे चार दिवस काढू देत त्याला."

"आणि शेल्बीचं काय? आणखी एक बघ. त्या वर्गात सोमर भाऊ आहेत. बाकी प्रत्येक तासाला धिंगाणा घालतात. इथे त्यांच्या नावावर एकही चिठ्ठी नाही. दंगेखोर सुटतात आणि गरीब गाईसारखी पोरं सापडतात."

डगने चष्मा काढला. प्रश्न त्याच्या ओठांवर येऊन थांबला होता आणि तो विचारायला त्याला जड जात होतं.

"यातली तिकडच्या वस्तीवरची किती?"

शेल्बी तलावापलीकडच्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीवरची होती. सर वस्ती बघून चिठ्ठ्या लिहीत असतील का, हा प्रश्न मार्नीही दुपारपासून टाळत होती.

"काही आहेत. सगळी नाहीत."

"विचार सरांना. तू त्यांची लाडकी. माझ्याने होणार नाही."

ती सरांच्या वर्गात गेली तेव्हा शाळा सुटली होती. निमेला सर फळ्यावर उद्याचं गणित लिहीत होते. पाठ तेवढीच दिसत होती, तीच जुनी तपकिरी बंडी.

"सर."

ते लिहीत राहिले. खिडकीखालचा हीटर घरघरत होता. मार्नी खिडकीकडच्या रांगेत गेली आणि शेल्बीच्या बाकावर बसली. 

"सर, थोडं बोलायचं होतं."

सरांनी एक रेघ पुसली आणि पुन्हा नीट ओढली. मार्नीला वाईट वाटलं. आपण कशासाठी आलो ते त्यांना कुणीतरी सांगितलं असणार, आणि म्हणून ते वळत नाहीयेत. रागवायचं तर तोंडावर रागवावं ना, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात सर मागे वळले आणि केवढ्याने तरी दचकले.

"अगं पोरी! केव्हा आलीस? हाक तरी मारायची!"

मार्नीला त्यांच्याकडे बघवेना. बाकाकडे बघत ती म्हणाली, "शेल्बी ड्रिफ्टबद्दल विचारायचं होतं."

"काय?"

"शेल्बीबद्दल."

सरांनी मान हलवली, कंटाळून. "हेच चाललंय हल्ली. सगळी पुटपुटतात. आता तूसुद्धा सुरू झालीस."

मार्नीने मान वर केली. सर तिच्या ओठांकडे बघत होते. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर समोर बसून ते नेहमी असंच बघत, आणि एवढ्या आस्थेने आपलं ऐकणारं माणूस जगात दुसरं नाही, असं ती इतकी वर्षं समजून चालली होती.

सुतारकामाच्या वर्गात करवतीचं मोठं यंत्र सरांच्या डाव्या हाताला असायचं. पोरांच्या कानांवर जाड झाकणं चढवल्याशिवाय ते यंत्र सुरू करत नसत. स्वतः मात्र उघड्या कानांनी उभे राहायचे. कुणाचं बोट सापडलं तर ओरडणं ऐकू यायला हवं, म्हणायचे. सबंध नोकरीत त्यांच्या वर्गात एकाही पोराचं बोट गेलं नाही.

फळ्याकडे तोंड केलं की खिडकीची रांग त्यांच्या डाव्या हाताला येत होती.

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. हे करताना तिला स्वतःची चीड आली. "सर," ती साध्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही का हो?"

हीटर घरघरत राहिला.

"मार्नी, मी तुझ्याशी बोलतोय. विचारल्यावर उत्तर द्यायचं." आवाजाला वर्गातली धार आली होती. "गप्प बसणं हा उद्धटपणा झाला."

ती वळली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते तिला लपवता आले नाहीत. सर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर ती बसलेल्या बाकावर गेली आणि तिथून हळूहळू खिडकीकडची सबंध रांग मागपर्यंत फिरून आली. 

त्यांनी हातातला डस्टर खाली ठेवला, खुर्ची चाचपून ओढली आणि बसले. अंगठा डाव्या कानाशी नेला आणि तसाच खाली आणला.

"ही शेल्बीची जागा," ते म्हणाले.

मार्नीने मान डोलावली.

"रोज विचारायचो मी तिला. ती रोज ओठ हलवायची." ते आपल्या हातांकडे बघत होते. "काय म्हणत होती गं ती?"

मार्नी उठली, टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला आली आणि करवत चालू असताना पोरं जशी बोलायची तशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"'हो, सर,' म्हणत होती."