सेनापतीचं पोट

बुनीच्या वाफ्यातला सेनापती इतका जाडजूड होता, की मातीखालून जाणारी चिचुंद्रीसुद्धा त्याच्याजवळ आली की अंग चोरून वाट काढायची. चिचुंद्रीला कुणी विचारलं, असं म्हणाल, तर बुनीनं विचारलं होतं. बुनी सगळ्यांशीच बोलायची. कोंबडीशी, चुलीशी, वर गेलेल्या नवऱ्याशी आणि सगळ्यात जास्त सेनापतीशी.

सेनापती म्हणजे जिनसेंग या महागड्या औषधी रोपाचं मूळ. सोबेक डोंगराच्या उतरणीवर, काळ्या जाळीच्या सावलीत, कोपऱ्यातल्या वाफ्यात ते सहा वर्षं वाढत होतं. बुनी अधूनमधून बोटानं हळूच माती सारायची, डोकावून बघायची आणि पुन्हा पांघरूण घातल्यासारखी माती ओढायची. दोन पाय, दोन हात, रुंद छाती आणि गावच्या मुखियासारखं गोल गरगरीत पोट. "अरे, तुला मिशी तेवढी द्यायची राहिली," असं ती त्याला म्हणायची.

आता या सेनापतीवर बुनीच्या घराचं सगळंच येऊन टेकलं होतं. ते असं झालं.

बुनीला एकुलती एक पोर, बोमी. डोंगरासारखी ठाम, आणि हसली की शेजारच्या गावात ऐकू जाणारी. तिचं ओढ्यापलीकडच्या दोशिकशी जमलं. दोशिक कोंबड्या पाळायचा. मुलगा भला होता, मऊ होता, जरा जास्तच मऊ होता. पण त्याची आई मालसुक! ती वाफघरात मुळं पारखायची. मूळ वाफवून, उन्हात वाळवून लालभडक झालं, की ते अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरायचं आणि आरपार बघायचं. आत भरीव असेल तर 'आकाश', जरा कमी असेल तर 'धरती', आणि पोकळ किंवा मधेच पांढरं पडलेलं असेल तर 'बरं'. वरून कितीही देखणं असू दे. मालसुकनं आयुष्यभर हेच केल्यामुळे तिला आता काहीही दिव्याला लावल्याशिवाय चैन पडायचं नाही. अंडी दिव्याला लावायची, नासपती दिव्याला लावायची. लोक म्हणायचे, दोशिक जन्मला तेव्हा सुईणीनं हातात दिल्याबरोबर बाईनं त्याला खिडकीशी धरून बघितलं.

सोयरीक पक्की करायला ती आली, तेव्हा बुनीनं जेवायला वाढलं. मालसुकनं मुळ्याच्या लोणच्याची फोड जेवायच्या काड्यांनी उचलली, खिडकीच्या उजेडासमोर धरली, आणि म्हणाली, "मुळा पोकळ निघाला हो तुमचा, विहीणबाई."

बुनीच्या कानशिलाची शीर उडाली. पण विहिणीशी गोडच बोलायचं असतं. "असेल हो. गेल्या साली पाऊस उशिरा आला ना. तुम्ही घ्या, घ्या. डोळे मिटून खाल्लात तर चवीला छान लागतो."

मग मुख्य गोष्ट निघाली, की लग्नानंतर पोरं राहणार कुठं.

"सून सासरी येणार. यात बोलायचं काय?" मालसुक म्हणाली.

"मला एकटीला एवढे वाफे कसे आवरतील? मुलगा इकडे यायला हवा."

"घरजावई? माझा दोशिक?"

"का? आमच्या घराला छप्पर नाही का?"

"छप्पर आहे हो. त्याखाली तुम्ही आहात, म्हणून म्हटलं."

बोमी आणि दोशिक कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. बोमी बाहीआड हसत होती. दोशिक मात्र घरजावई हा शब्द ऐकून असा काही उजळला, की दिव्याला लावायचीही गरज नव्हती. पण दोघी विहिणी एकमेकींकडे बघण्यात गुंग होत्या. त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही.

बुनीनं शेवटचं शस्त्र काढलं. "माझा सेनापती यंदा सहा वर्षांचा होतोय. असं मूळ तुम्ही जन्मात बघितलं नसेल. डोळे दिपतील."

"दिपायला मी काही वरून बघत नाही," मालसुक म्हणाली. "लावू या की दिव्याला. आकाश निघाला, तर मुलगा तुमचा. नाही निघाला, तर मुलगी माझी. आहे कबूल?"

"आणि पारखणार कोण? तुम्हीच?"

"तुम्हाला शंका असेल तर राहू दे."

शंका घ्यायला जागाच नव्हती. मालसुकनं सख्ख्या भावाचं मूळ 'बरं' म्हणून बाजूला टाकलं होतं, आणि तेव्हापासून तो भाऊ ओढ्याला वळसा घालून बाजारात जात होता. बुनीनं पैज घेतली.

घेतली खरी, पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली. सेनापतीला काही कमी पडत नाही ना? जिनसेंगला खाऊ घालायचं नसतं, हे त्या भागातल्या मांजरालाही ठाऊक. जमीन आधी वर्षानुवर्षं पडीक ठेवायची, कुजलेला पाला मिसळायचा, सावली धरायची आणि मग मुळाला त्याच्या मनासारखं हळूहळू वाढू द्यायचं. माहीत होतं बुनीला सगळं. तरीपण सणाच्या दिवशी सगळं घर खातंपितं, आणि बिचारा सेनापती कोरडा? तिनं हळूच पळीभर तांदळाची दारू त्याच्या बुडाशी ओतली. "कुणाला सांगू नकोस," असं त्यालाच बजावलं. पुढच्या सणाला पुन्हा एक पळी.

उन्हाळा आला, रोपावर लालचुटूक फळांचा झुबका धरला, आणि सेनापती असा सुटला, असा सुटला, की आजूबाजूची माती वर उचलली गेली. मुखियाचा बैल त्या फुगवट्याला अडखळून पडला म्हणतात. बैल त्या वाटेनं कधी जात नव्हता, हे खरं. पण पडला म्हणतात.

एक गोष्ट मात्र बुनीला खटकत होती. त्या कोपऱ्यात वास यायचा. उग्र, नाकात जाणारा. बुनीनं लगेच गुन्हेगार धरला: तिची एकुलती एक अंड्यावरची कोंबडी. "सगळं डोंगररान मोकळं असताना तुला सेनापतीच्याच डोक्यावर बसायचं असतं का गं भवाने?" कोंबडी मान तिरकी करून ऐकायची. रोज बोलणी खाऊन शेवटी ती रुसली आणि तिनं अंडी द्यायचं बंद केलं.

बोमीनंही तो वास घेतला होता. तिला वाटलं, आईच काहीतरी उद्योग करतेय. ती गप्प बसली. आईला वाटलं, कोंबडी करतेय. आई बडबडत राहिली.

शरद ऋतूत माती मोकळी करून सेनापतीला बाहेर काढलं. केसाएवढी मुळी तुटू नये म्हणून बुनीनं श्वाससुद्धा अर्धाच घेतला. मूळ असं आलं, की बघायला माणसं जमली. एक म्हातारा तर त्याला वाकून नमस्कार करून बसला आणि नंतर सांगत सुटला, की पाठ दुखत होती म्हणून वाकलो. मग सेनापतीला धुतलं, वाफेवर घातलं, उन्हात वाळवलं. सेनापती तांबूस, तुकतुकीत, जणू आत्ताच गरम पाण्यातून आंघोळ करून आलाय.

आणि मग तो दिवस आला. वाफघरातली पारखायची खोली. बाहेर लख्ख दुपार, आत खिडक्यांना काळे पडदे आणि एकच दिवा. मालसुक, बुनी, बोमी आणि दोशिक. दोशिकच्या हाताला घाम फुटला होता.

"पोरा, घाबरलास का?" बुनीनं विचारलं.

"नाही आई. उकडतंय."

मालसुकनं सेनापतीला दोन्ही हातांत घेतलं. आधी डोकं दिव्याला लावलं. उजेड दाट, लाल, एकसारखा. "हूं." मग छाती. "हूं." दोन्ही पाय. "चांगले आहेत." बुनीच्या मनात लग्नाचा भात शिजायला लागला. मग मालसुकनं पोट दिव्यावर आणलं, आणि थांबली.

तिनं मूळ फिरवलं. पुन्हा फिरवलं. चेहरा असा झाला, जसा भावाच्या मुळाच्या वेळी झाला असणार.

"काय झालं?" बुनी.

"पोकळ."

"खोटं! मुलगा जाऊ नये म्हणून म्हणताय तुम्ही!"

मालसुक बाजूला सरकली आणि बुनीला दिव्यापुढे जागा करून दिली.

बुनीनं बघितलं. सेनापतीच्या पोटात मधोमध उजेड होता, पिवळाधमक. खिडकी उघडी टाकून कुणी घर सोडून गेल्यासारखा. तिनं डोळा चोळून बघितलं, डोळा बदलून बघितलं. खिडकी उघडीच. बुनी तिथल्या तिथे खाली बसली. पोर गेली ओढ्यापलीकडे. आता चुलीशी बोलायचं, कोंबडीशी बोलायचं, आणि त्यातली कोंबडी तर रुसलेली.

"याला कुणीतरी खाऊ घातलंय," मालसुक म्हणाली. "आणि तेही सहाव्या वर्षी. एकदम सुटला, पण आत भरायला वेळच मिळाला नाही."

बुनीला रडू कोसळलं. "पळीभर हो! फक्त सणाला! एकटा होता, दया आली."

"काय पळीभर?"

"तांदळाची दारू."

मालसुकनं मूळ नाकाशी नेलं, मग चिमटीत फिरवलं. "दारूनं हे होत नाही. दारूनं फार तर गाणी म्हणेल. हे खताचं काम आहे. भरपूर खत. कोंबडीचं."

"माझी ती एक कोंबडी एवढं कुठलं देणार? ती तर देण्याच्या बाबतीत फार हात आखडून आहे."

मग हळूहळू सगळ्यांच्या माना वळल्या. पंचक्रोशीत गाड्या भरून कोंबडीचं खत एकाच माणसाकडे होतं, आणि तो माणूस पडद्यामागे सरकायला बघत होता.

"दोशिक," मालसुक म्हणाली.

"आई."

"तू?"

"थोडंसंच, आई."

"किती थोडंसं?"

"पहाटे एक टोपली." तो जरा थांबला. "रोज."

बोमीनं तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांतून बाहेर पडत होतं. "अरे गाढवा! मला वाटलं आई करतेय!"

"मला वाटलं मोठा झाला की जिंकेल," दोशिक रडकुंडीला आला. "कोंबड्यांना जास्त घातलं की त्या वाढतात ना."

"जिंकेल?" मालसुकचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे हा जिंकावा, असं तुला वाटत होतं? म्हणजे तुला माझं घर सोडून यांच्याकडे राहायला जायचं होतं?"

दोशिकनं मान खाली घातली.

"आई, तू माझा भातसुद्धा दिव्याला लावतेस गं."

सेनापतीला मालसुकनं फडक्यावर ठेवलं, दिवा विझवला आणि सर्रकन पडदा बाजूला सारला. उजेडात ती एकदम म्हातारी दिसली. बुनीला वाटलं, आता ही पोरीला आजच ओढ्यापलीकडे नेते.

"पैज तुम्ही हरलात, विहीणबाई," मालसुक म्हणाली.

"हरले."

"मुलगी माझी."

"तुमची," बुनी कशीबशी म्हणाली.

"मुलगी तर मला हवी होतीच. निदान हसते तरी. पण हा!" तिनं लेकाकडे बोट केलं. "जिनसेंगला कोंबडीचं खत! पारखणारीच्या पोटचा पोरगा! हे गावभर झालं तर उद्या माझ्या हातात मूळ कोण देईल? याला मी घरात ठेवून घेऊ? घेऊन जा तुम्ही. आत्ताच घेऊन जा!"

"आणि मी?" बोमीनं विचारलं. "मी तुमच्याकडे आणि हा आमच्याकडे, असं लग्न करू का?"

"तू गेलीस त्याच्याबरोबर तरी चालेल," मालसुक फणकारली. "पण बाजाराच्या दिवशी माझ्याकडे जेवायला यायचं. तो आला नाही तरी चालेल."

बुनीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

लग्न झालं. जावई पहिल्यांदा घरी आला की सासूनं अंड्यावरची कोंबडी कापून शिजवायची, ही तिथली रीत. बुनी सुरी घेऊन निघाली. कोंबडीनं मान तिरकी करून बघितलं. बुनीला सगळा उन्हाळा आठवला. ती खाली बसली, म्हणाली, "चुकलं गं माझं. तू नव्हतीस ती," आणि सुरी घेऊन परत आली. दोशिकला म्हणाली, "जावईबापू, खत तुमचं होतं, तर कोंबडीही तुमचीच आणा."

तो धावत जाऊन आपल्या खुराड्यातली कोंबडी घेऊन आला. तिच्या पोटात तांदूळ, लसूण आणि सेनापती, पोकळ पोटासकट, असं सगळं भरून बुनीनं मोठ्या भांड्यात चढवलं. मालसुकही जेवायला आली. येणार नाही म्हणाली होती, पण वास ओढ्यापलीकडे गेला होता.

जेवायला बसल्यावर तिनं मुळ्याची फोड काड्यांनी उचलली. सवयीनं हात खिडकीकडे निघाला. दोशिकनं घास तोंडाजवळच धरून ठेवला. मालसुकनं लेकाकडे बघितलं, फोड तशीच तोंडात टाकली आणि चावत राहिली.

"कसा आहे?" बुनीनं विचारलं.

"पोकळ," मालसुक म्हणाली. "अजून दोन फोडी वाढा."

बुनीनं कोपऱ्यातला वाफा आता पडीक ठेवलाय. जमीन विसावली की त्यात पुन्हा रोपं लागतील. भोवती तिनं दोर बांधलाय आणि जावयाला सक्त ताकीद दिलीय, की दोराच्या अलीकडे उभं राहूनच बोलायचं. तो उभा राहतो. कोंबडीला मात्र पलीकडे जायची मुभा आहे. ती तिथं ऐटीत फिरते, आणि हल्ली एका वेळी दोन-दोन अंडी देते म्हणतात.