सगळ्यांच्या हातची काहील

मी काहील बोलतेय. हो, तीच, हॉटेलच्या दारात कमळं घालून ठेवलेली. पाहुणे माझ्या कडेला टेकून फोटो काढतात आणि ‘किती जुनी असेल नाही!’ म्हणत निघून जातात. मला विचारतं कोण? तरी सांगते.

मला ओतलं समुद्रापार, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या कारखान्यात. या बेटावर उतरले ती थेट उसाच्या मळ्यात, गुऱ्हाळावर. रस कढवून कढवून माझं बूड काळंठिक्कर पडलं. साखर मालकाची आणि हाताला फोड आमच्या माणसांच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही. बिडाची जात माझी, वाटणार काय?

मग संप झाला. मजुरी वाढवा म्हणून ऊसतोड्यांनी कोयते खाली ठेवले. मालकानं मळ्यावरचं दुकानच बंद केलं, म्हणजे पोटाला चिमटा बसला की येतील झक मारत. तेव्हा युडीन नावाची एक खुरपणीवाली, तोंडानं भलती फटकळ, चार गडी घेऊन गुऱ्हाळात शिरली आणि मला गडगडवत तिठ्यावर घेऊन आली. नीरफणसाच्या झाडाखाली दगडांवर बसवलं, जाळ लावला. नियम एकच, रिकाम्या हातानं यायचं नाही. कुणी हिरवी केळी आणली, कुणी अळूची पानं, कुणी खारवलेल्या माशाचं शेपूट. एका म्हातारीच्या घरात काहीच नव्हतं, तिनं चिमूटभर मीठ आणलं. युडीननं तिला सगळ्यांच्या आधी वाढलं.

शाळेतला तरणा मास्तर लॅशली तिथंच पहिल्यांदा बोलायला उभा राहिला. बोलला झकास. लोक रडले. मग ताटली घेऊन पुढं आला तर युडीननं पळी आडवी धरली.

“मास्तर, भाषण शिजत नाही. काहीतरी टाका.”

बिचारा लाजला. पळत घरी गेला, नारळ घेऊन आला, स्वतः खवला, बोटं सोलवटून घेतली. त्या दिवसाच्या कालवणाची चव मी अजून विसरलेले नाही.

संप जिंकला आणि पक्ष जन्मला, माझ्या कडेला, धुरात. पावती नाही, वर्गणी नाही. काहिलीत ज्यानं काही टाकलं तो सभासद. झेंड्यावर माझं चित्र आलं. निवडणूक जिंकल्यावर मास्तर या बेटाचा पंतप्रधान झाला. माझ्या गरम कडेवर हात ठेवून तो सगळ्यांसमोर म्हणाला, मळ्याची जमीन कसणाऱ्यांचीच होणार. हात भाजला तरी काढला नाही. युडीननं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की ओढ्याकाठचा तुकडा आपण मागायचा, तिथं अळू चांगलं येईल.

खोटं कशाला बोलू, कामं झाली. दवाखाना आला, म्हाताऱ्यांना पेन्शन मिळू लागली. जमिनीचं मात्र ‘बघतोय, बघतोय’ चाललं होतं.

दुसऱ्यांदा जिंकल्यावर मास्तर गाडीतून आला. हात मोकळे. हसत म्हणाला, आज मी पाहुणा. युडीनही हसली आणि तिनं त्याला वाढलं. अगं, तेव्हाच पळी आडवी धरायची होतीस! मला ओरडावंसं वाटलं, पण बिडाला तोंड कुठलं.

पुढच्या निवडणुकीला पक्षानं ट्रकभर परदेशी कोंबड्या धाडल्या. लोकांना निरोप आला की काही आणू नका, नुसते या आणि जेवा. लोक खूश. फुकट कुणाला नको असतं? मिठाची चिमूट आणणारी माणसं दुसऱ्यांदा वाढून घ्यायला भांडू लागली. सभासद कोण, हे कुणी विचारेनासं झालं.

आणि मग एक दिवस कळलं की मळा हॉटेलवाल्यांना विकला. ओढ्याकाठच्या तुकड्यासकट. देशावर कर्ज आहे, इलाज नाही, असं मास्तर रेडिओवर म्हणाला. आवाज अजूनही झकासच होता. इतक्या माणसांच्या तोंडाला पानं पुसताना तो जराही कापला नाही.

युडीन आता म्हातारी झाली होती. तिनं मला घासलं, जाळ लावला, घरोघर सांगून आली की तिठ्यावर बसायचं, पुन्हा संप करायचा, जमीन सोडायची नाही. स्वतःचा एक नीरफणस चिरून माझ्यात टाकला. गाव आलं. सगळ्यांच्या हातात ताटल्या होत्या. फक्त ताटल्या.

पुढं उभ्या असलेल्या गड्यानं विचारलं, “आज जेवण कुणाकडून आहे?”

पाणी उकळत राहिलं, नीरफणस विरघळला, आणि लोक कुरकुरत पांगले. युडीननं एकटीनं जाळावर पाणी ओतलं.

त्या निवडणुकीत पक्षाची एकही जागा आली नाही. लोकांनी मास्तराला धडा शिकवला म्हणे. दुसऱ्या पक्षाच्या कोंबड्या मोठ्या होत्या, हे कुणी सांगत नाही. हॉटेलवाल्यांनी तिठ्यासकट मला ताब्यात घेतलं आणि माझ्यात माती आणि कमळं भरली.

गेल्या आठवड्यात युडीन गेली. जमीन मिळाली तिला, चर्चच्या मागं, पुरण्यापुरती. तिला पोचवून लॅशली मास्तर काठी टेकत इथं आला. कोटाच्या खिशातून नारळ काढला आणि माझ्यात ठेवला. हात माझ्या कडेवर तसाच राहिला. कड आता गार असते.

पहारेकरी धावत आला. “आजोबा, यात कचरा टाकायचा नाही.” नारळ उचलून त्यानं कुंपणापलीकडे भिरकावला. भाषणं संपली होती मास्तराची.

तुम्ही वाचताय म्हणून सांगते. कुणी म्हणालं, काही आणू नका, नुसते जेवायला या, तर त्या जेवणाला जाऊ नका. आणि मास्तर, तुम्हाला काय सांगू? नारळ आणलात, पण आता माझ्या खाली जाळ कुठाय?