पॉलिशचं मशीन आणि कृष्णात उस्तादची मिशी

उचगावच्या नाक्याजवळ बाळाप्पाअण्णांचं गाड्या रंगवायचं गॅरेज होतं. त्या गॅरेजात सकाळी आधी कृष्णात उस्तादची मिशी यायची आणि मग तिच्यामागून उस्ताद यायचा. मिशी दोन्ही बाजूंनी पीळ देऊन वर गेलेली, आणि पीळ असा की टोकाला शर्ट अडकवला असता तरी पडला नसता. घरात एक वेळ चहाला साखर नसली तर चालून जाई, पण मिशीचं एरंडेल संपलेलं त्याला खपत नसे.

बावीस वर्षं त्याने हाताने गाड्या चमकवल्या होत्या. मऊ सुती कापड, पॉलिशचं कंपाउंड आणि दंडातला जोर, एवढ्यावर त्याचं नाव थेट कागलपर्यंत पोचलं होतं. त्यामुळे अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात अण्णांनी मुंबईहून विजेवर चालणारं पॉलिशचं मशीन आणलं, तेव्हा उस्तादने त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसं बघितलं. मशीन हातात धरायचं होतं, वजनाला भरलेल्या तांब्याएवढं, आणि पुढं गरगर फिरणाऱ्या चकतीवर पांढऱ्या लोकरीची टोपी होती.

"ह्ये कुणाला चालवाया येतंय?" अण्णांनी विचारलं.

पत्रा ठोकणाऱ्या डेंटर यल्लाप्पाने छताकडे बघितलं. संघप्रियाने तोंड उघडलं. ती आयटीआयमधून पेंटरचा कोर्स करून आलेली, गॅरेजात लागून तिला जेमतेम दीड महिना झालेला. तिचा शब्द बाहेर पडायच्या आत उस्ताद बोलून मोकळा झाला.

"मला येतंय की! पुण्यात हुतो तवा दुसरं काय चालवत हुतो? ह्येच."

कृष्णात उस्ताद जन्मात पुण्याला गेला नव्हता. साडूच्या पोराच्या बारशाला साताऱ्यापर्यंत गेला होता, तिथून पुढचा रस्ता त्याने बघितलेला नव्हता. पण कालच्या पोरीने आपल्या देखत "मला येतं" म्हणावं आणि आपण बावीस वर्षांचा दंड घेऊन गप्प बसावं, हे त्याला सोसलंच नसतं. खोटं तोंडातून आपोआप निसटलं आणि मिशीखाली जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी कागलचे गणपतराव आपली काळी अॅम्बेसेडर घेऊन आले. मंगळवारी त्यांच्या मुलाचं लग्न होतं आणि नवरदेव त्याच गाडीतून जाणार होता. गाडीला नवा काळा रंग होऊन चार दिवस झाले होते, आता फक्त चमक आणायची होती. काळा रंग म्हणजे चुगलखोर रंग, हात जरा चुकला की जगाला सांगतो. गणपतरावांनी मशीनकडे संशयाने बघितलं.

"पावणं, ह्ये चक्कर गाडी सोलून तर काढणार न्हाय न्हवं?"

"गणपतराव," उस्ताद छाती काढून म्हणाला, "एक वरखडा जरी आला न्हवं, तर ही मिशी भादरून तुमच्या हातात देतो."

उस्तादने आईची शपथ घेतली असती तर कुणी मान वर केली नसती, पण मिशीवरचा शब्द म्हणजे फारच झालं. गणपतराव निवांत झाले आणि सोमवारी संध्याकाळी येतो म्हणून गेले.

मशीनबरोबर एक पुस्तक आलं होतं, सगळं इंग्रजीत. उस्तादने ते पंख्यासारखं हलवून वारा घेतला आणि बाजूला टाकलं. संघप्रियाने मात्र दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी ठेवून ते वाचून काढलं आणि मग ती त्याच्याजवळ आली.

"मामा, ह्यात लिवलंय, चकती गाडीवर टेकवल्याबिगर बटण दाबायचं न्हाय. आणि अंगावर लोंबतं काय ठेवायचं न्हाय, मशीन गुंडाळून घेतंय. दोरा, ओढणी, मोकळी बाही..."

"आणि मिशी?" यल्लाप्पाने लांबून विचारलं.

"मिशीचं काय लिवल्यालं न्हाय. त्यांच्यात नसंल."

यल्लाप्पा हसत सुटला. उस्ताद तापला. "पोरी, पुण्यात मी असली चार मशीनं फोडून जोडलीत. आणि तुझा त्यो चष्मा! रंकाळ्यात पवायला निघालीस काय गं?"

संघप्रिया पत्र्याच्या पोचांवर भरलेली पुट्टी घासताना डोळ्यांवर रबराचा जाड गॉगल घालायची. आयटीआयत लागलेली सवय. तिने गॉगल खाली ओढला आणि ती पुन्हा घासायला लागली.

सोमवारी सकाळी मशीन पहिल्यांदा चालवायचं ठरलं. पण गॅरेजात नवी वस्तू आली की पूजेशिवाय तिला हात लावायचा नाही हा अण्णांचा नेम. कपाळावर भस्माचे पट्टे ओढून ते स्वतः नारळ घेऊन आले. उस्तादने वायर बोर्डात खुपसली, बटण दाबलं, तर मशीन गपगार. लाईट गेलेली! सोमवार म्हणजे वीज मंडळाच्या दुरुस्तीचा दिवस, तेव्हा ते ठरलेलंच होतं. त्याने बटण परत दाबलं. शेजारी आणखी एक बारकं बटण दिसलं, तेही अंगठ्याने आत ढकललं. कट्‌ आवाज झाला आणि मोठं बटण दाबलेलंच राहिलं. ते का राहिलं हे त्याला कळलं नाही, आणि पुण्याहून शिकून आलेल्या माणसाला विचारायची सोय नव्हती.

"ऱ्हाऊ दे, लाईट येईस्तवर पूजा तर हुईल," अण्णा म्हणाले.

मशीन अॅम्बेसेडरच्या बॉनेटवर नवा टॉवेल अंथरून ठेवलं. हळदीकुंकू झालं. दृष्ट लागू नये म्हणून उस्तादने मोठा लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या ओवून आणल्या होत्या. ट्रकला पुढच्या बाजूला बांधतात, तशाच त्याने मशीनला पुढच्या बाजूला, चकतीच्या मागच्या मानेला बांधल्या. मिरच्या त्याने मुद्दाम तिखट बघून आणल्या होत्या, कारण दृष्ट गणपतरावांच्या भावकीची होती.

"मामा, तितं बांधू नगासा," संघप्रिया बोर्डापासून ओरडली. "त्यो भाग फिरतोय."

"शुभ काम चाललंय, तोंड आवर," अण्णा गुरगुरले.

ती पूजेला येत नसे. तिच्या घरी हे चालत नव्हतं आणि गॅरेजात ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती बोर्डाशेजारी एका स्कूटरच्या मडगार्डाची पुट्टी घासत राहिली. इकडे अण्णांनी कापूर लावला, उस्ताद आणि यल्लाप्पा हात जोडून मशीनवर वाकले, आणि तिघेही डोळे मिटायच्या बेतात असताना लाईट आली.

मशीनने उसळी मारली. दोरा चकतीच्या मानेभोवती गुंडाळला, लिंबू फुटला आणि सातही मिरच्यांचा जागच्या जागी ठेचा होऊन तो तिघांच्या तोंडावर बसला. त्यात कुंकवाची फक्की मिसळली. अण्णांनी "अय्यो शिवा!" म्हणून नारळासकट बसकण मारली. यल्लाप्पा डोळे चोळायला गेला, हाताला मिरची लागलेलीच होती, मग तर तो नाचायलाच लागला. मशीन टॉवेल ओढून घेत बॉनेटवर अर्धा गोल फिरलं, धाडकन खाली पडलं आणि खेकड्यासारखं आडवंतिडवं फरशीवर पळू लागलं. उस्तादला आवाज चारी बाजूंनी येत होता आणि दिसत काहीच नव्हतं. आता हे आपल्या पायावर येणार एवढं मात्र त्याला पक्कं कळलं, आणि तो बावीस वर्षांत प्रथमच आईला हाक मारून ओरडला.

मग सगळं बंद झालं. मेन बोर्डाचा खटका कुणीतरी पाडला होता. गॅरेजात फक्त एका माणसाला दिसत होतं, आणि त्याच्या डोळ्यांवर रंकाळ्यात पोहायचा चष्मा होता.

संघप्रियाने एकेकाला हाताला धरून नळावर नेलं. अर्ध्या तासाने लाल डोळे किलकिले करून सगळ्यांनी बॉनेट बघितलं. काळ्याभोर रंगावर टीचभर लांबीचा, चंद्रकोरीसारखा वरखडा उठला होता.

अण्णांना राग काढायला माणूस हवा होता. तो त्यांना लगेच सापडला.

"ह्या पोरीनं अभद्र केलं! पूजेला यायचं न्हाय, लांब हुबं ऱ्हाऊन तोंड वाकडं करायचं, आणि वर बांधू नगा म्हणायचं. उद्यापासनं हितं दिसू नगंस!"

संघप्रियाने गॉगल काढला, पुट्टीने भरलेले हात धुतले आणि डबा पिशवीत ठेवायला लागली. तिचे डोळे गॅरेजात सगळ्यांत स्वच्छ होते, आणि आता त्यांतच पाणी आलं होतं.

उस्तादने ते बघितलं. त्याला वाटलं, आता गप्प बसलं की सगळं निभावतं. पुणं शाबूत राहतं, मिशी शाबूत राहते, वरखडा अपशकुनाच्या नावावर जातो. पण ते बारकं बटण त्याच्या अंगठ्याला अजून आठवत होतं. तिने बोर्डाचा खटका पाडला नसता तर आज आपला पाय जायचा, हेही आठवत होतं. त्याला स्वतःची शरम वाटली.

"अण्णा," तो म्हणाला, "तिला कशाला घालवताय? बटण मी दाबून ठेवल्यालं. वायरबी मीच खुपसली. मिरची बांधू नगा म्हणून ती वरडत हुती, त्ये मी ऐकलंबी हुतं."

"तू? आरं, तुला तर मशीन येतंय न्हवं? पुण्यात..."

"पुण्याला मी कदी गेलोच न्हाय, अण्णा. साताऱ्यासनं माघारी आलतो."

अण्णांनी तोंड उघडलं, पण त्यांना शिंक आली. एकामागून एक सात शिंका आल्या, मिरचीमागे एक. त्या संपेपर्यंत त्यांचा अर्धा राग उतरला होता.

"पिशवी ठेव गं खाली," ते नाक पुसत संघप्रियाला म्हणाले. "संध्याकाळी गणपतराव येनार. ह्यो वरखडा निघंल काय?"

तिने वरखड्यावरून नख फिरवलं. "नख अडकत न्हाय. वरवरचा हाय, निघंल. पर मी म्हणंल तसं करायचं."

"मी करतो," उस्ताद म्हणाला. "तू नुसतं सांगत ऱ्हा. त्याआदी दहा मिनिटं द्या मला." आणि तो रस्ता ओलांडून समोरच्या सलूनात शिरला. यल्लाप्पा मागून ओरडला की वरखडा निघणार आहे, गणपतरावांना कळणारसुद्धा नाही. उस्तादने मागे वळून बघितलं नाही. गाडीवर वरखडा आला होता आणि त्याने शब्द दिला होता, त्यात कळण्या-न कळण्याचा प्रश्न कुठला?

तो परत आला तेव्हा यल्लाप्पाने आधी त्याला गिऱ्हाईक समजून "या पावणं" केलं. मग ओळख पटली आणि यल्लाप्पाच्या हातातला हातोडा खाली पडला. संघप्रियाने मात्र उस्तादच्या मनगटातला काळा दोरा सोडायला लावला, गळ्यातला ताईत शर्टाच्या आत टाकायला लावला आणि स्वतःचा गॉगल त्याच्या डोळ्यांवर चढवला. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकली. आधी बटण मोकळं आहे का ते बघून मगच तिने प्लग खुपसला.

"आदी टेकवा. आता दाबा. जोर करू नगा मामा, मशीनचं वजन पुरं हाय. एका जाग्यावर थांबू नगा, रंग जळतोय. कडंला जाऊ नगा."

बावीस वर्षं जोर करत आलेल्या दंडाला जोर न करणं फार जड गेलं. मशीन हातात रेड्यासारखं ओढ घेत होतं. पण हळूहळू हात ऐकू लागला. चंद्रकोर पुसट झाली, मग नुसता धूसर डाग उरला, मग तोही गेला. टोपी बदलायची वेळ आली तेव्हा उस्ताद मशीन तसंच गाडीवर ठेवायला निघाला. "चकती थांबू दे," ती म्हणाली, "आणि प्लग काढा." त्याने चकती पुरती थांबेपर्यंत वाट बघितली आणि मुकाट्याने प्लग काढला.

शेवटचा हात फिरला आणि त्याने गॉगल वर करून बॉनेटमध्ये वाकून बघितलं. आत एक अनोळखी माणूस होता. वरचा ओठ उघडा, गोरा, लहान पोरासारखा. उस्तादला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी हसूही येऊ लागलं, कारण असा आरसा त्याने हाताने कधी काढला नव्हता.

गणपतराव आले ते गाडीभोवती दोनदा फिरले. बॉनेटमध्ये त्यांनी स्वतःचा फेटा सारखा करून घेतला. खूश झाले.

"झकास! हाय कुठं त्यो तुमचा मिशीवाला उस्ताद? त्याला फेटा बांधायचाय मला."

अण्णा खोकले. यल्लाप्पा गाडीखाली शिरला. संघप्रियाने ओढणी तोंडावर धरली. कृष्णात उस्तादचा हात सवयीने मिशीकडे गेला, रिकाम्या ओठावरून फिरला आणि खाली आला.

"त्ये व्हय?" तो म्हणाला. "त्ये पुण्याला गेलं. मशीन शिकायला."