गंध लावलेला रेग्युलेटर

मी एक जळका रेग्युलेटर बोलतोय. ज्याने मला घडवलं, त्याचा उजवा हात माझ्यापायी मोडला. माझ्याकडून गोड गोष्टींची अपेक्षा करू नका. मला राग आहे आणि तो मी बोलून दाखवणार आहे.

कुंभकोणमच्या हनुमंतरावांकडे १९४८ सालची विलायती मोटार होती. लग्नात नवरानवरीला मिरवायला ती भाड्याने जायची. इंजिन पळालं की तिचा डायनॅमो वाट्टेल तेवढी वीज ओकायचा. त्याला आवरणारी जुनी डबी बिघडली आणि वर्षात दोन बॅटऱ्या उकळून मेल्या. हनुमंतरावांनी ती डबी दगडावर ठेवून हातोड्याने ठेचली. अशा वेळी बायको, सीतालक्ष्मी, समोर आली तर तिलाही मार बसायचा. शेजारी ऐकायचे आणि रेडिओचा आवाज वाढवायचे.

त्यांचा धाकटा भाऊ रघूत्तम रेडिओ दुरुस्त करायचा. १९८६च्या उन्हाळ्यात त्या डबीच्या जागी बसवायला त्याने मला करायला घेतलं. माझा जन्म काही लाडाकोडात झाला नाही. पत्रा करवतीने कापला, ड्रिलने भोकं पाडली, सोल्डरिंगचे चटके दिले. तीन ट्रान्झिस्टर धूर काढत मेले, चौथा टिकला. मग मात्र डायनॅमोची मी साडेचौदा व्होल्टच्या पुढे जायची टाप ठेवली नाही. मी तापतो, म्हणून रघूत्तमने मला झाकण केलं नाही. चूक म्हणाल तर त्याची तेवढीच.

"आतां बॅटरी गेली तर तुझा हात मोडतों, बघ," हनुमंतराव म्हणाले. ही थट्टा नव्हती.

"जात नाहीं, अण्णा. मी आहें कीं," रघूत्तम म्हणाला.

चार महिने खरंच गेली नाही. त्या चार महिन्यांत सीतालक्ष्मीच्या अंगावरही हात पडला नाही.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे विळीपासून सायकलीपर्यंत सगळ्यांना गंध-कुंकू लागतं. सीतालक्ष्मीने मोटारीचं बॉनेट उघडलं. "ह्यालाही लावतें. ह्यानेंच घर शांत ठेवलें," ती पुटपुटली आणि माझ्या ट्रान्झिस्टरच्या टोपीवर चांगला जाड, ओला टिळा लावला. गंध ओघळून शेजारच्या उघड्या जोडणीवर आलं. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो. रिवाजाप्रमाणे चाकाखाली लिंबू चिरडून मोटार लगेच स्वामीमलैच्या देवळाकडे निघाली.

त्या ओल्या गंधातून वीज भलत्याच वाटेने शिरली. मी आतून जळालो आणि डायनॅमो मोकाट सुटला. परत येऊन दारात हनुमंतरावांनी बॉनेट उचललं, तोच बॅटरी फुटली. तेजाब त्यांच्या गालावर, मानेवर उडालं. कातडी सोलून निघाली, नेसलेल्या वेष्टीला भोकं पडली.

आरोळी ऐकून रघूत्तम धावत आला. भावाच्या तोंडावर त्याने घागर रिकामी केली आणि मग मला पाहिलं. पिवळा ओघळ माझ्यावर वाळला होता. त्याने मान वळवली. मागे सीतालक्ष्मी ओला पंचा घेऊन उभी होती.

रघूत्तमने अंगठ्याने गंध पुसलं. "अण्णा, माझीच मांडणी चुकली."

हनुमंतरावांनी इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल उचललं. पहिल्या घावात मनगट गेलं, दुसऱ्यात कोपर. रघूत्तमने हात मागे घेतला नाही. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

मोटार विकली त्याला आता आठ वर्षं होतील. मी खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. रघूत्तम डाव्या हाताने काम करतो, सोल्डर सांडतो, गिऱ्हाईकं कुरकुरतात. सीतालक्ष्मी झाडायला आली की डबा पायाने कोपऱ्यात ढकलते. "ह्या मेल्यानें भावजींचा हात खाल्ला," म्हणते.

म्हणू दे तिला. त्या गंधाचं तिला कुणी सांगितलेलं नाही. मला राग आहे, पण तिच्यावर नाही. तुम्ही कधी या घरी आलात तर एवढंच करा, ती मला शिव्या घालत असताना मध्ये बोलू नका.