असोद्याच्या परक्या माणसाचं पत्र

मी एक जुना इंग्रजी टाइपरायटर आहे, मित्रांनो. आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोलत आलो, आणि एक प्रकरण मला आजतागायत उमगलेलं नाही.

कारखान्यातून निघालो तो एका सरकारी कचेरीत पडलो. तिथून लिलावात टायपिस्ट जीवरामभाऊंनी मला उचललं आणि जळगावच्या कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली मांडलं. दसऱ्याला हळदकुंकू, एरवी नुसती खटखट! माझं 'ई' अक्षर ओळीच्या वर उडतं, पण काम चोख. खरेदीखतं, प्रतिज्ञापत्रं, नावदुरुस्त्या सगळं मला कळायचं.

त्र्याण्णव साली मात्र माझी मती गुंग झाली. जवळच्या असोदा गावचे गिरधर आबा आणि बेबाबाई अमेरिकेतल्या एका वकिलाचं पत्र घेऊन आले. त्यांचा मुलगा चुडामण तिकडे पिकांच्या रोगांवर संशोधन करत होता. त्याला तिथं कायमचं राहू द्यावं म्हणून वकील सरकारकडे अर्ज करणार होता. आणि त्या अर्जात चुडामण कोण, तर 'असामान्य क्षमतेचा परका माणूस'! अहो, असोद्याचा पोरगा परका कसा?

ते असामान्यपण सिद्ध करायला एका शेतकऱ्याचं पत्र हवं होतं. चुडामणचा पहिला प्रयोग बापाच्याच केळीत झालेला, म्हणून पत्र आबांचं. दिवाळीपर्यंत अर्ज गेला नाही तर पोराला नोकरी सोडून परत यावं लागणार होतं. मग येऊ दे की! पण बेबाबाई म्हणाल्या, "त्याचं मन तिकडंच लागलं आहे. त्याच्या मनासारखं होऊ द्या." आणि पदरानं डोळे पुसले. मला काही समजेना.

आबा मराठीत सांगत, जीवरामभाऊ इंग्रजी करत, मी उमटवत असे. 'माझा मुलगा साधा आहे. जे झालं ते देवाच्या कृपेनं आणि गावाच्या मदतीनं.' संपलं पत्र!

"आबा, थोडं कौतुक करा की," जीवरामभाऊ म्हणाले.

"आपल्याच पोराचं कौतुक आपुन कायले करा, भाऊ? नजर लागते त्याले."

महिन्याभरात वकिलाचं उत्तर आलं. हे पत्र जोडलं तर अर्ज बुडालाच म्हणून समजा, ताबडतोब दुसरं पाठवा. दोघं पुन्हा येऊन बसले. आबा पुन्हा देवाच्या कृपेवरच आले. शेवटी बेबाबाईच भडकल्या, "सांगा ना, माह्या काकड्या उपटल्या ते!"

मग आबा बोलत सुटले. हरण्या रोगानं गावातल्या केळीच्या बागा चालल्या होत्या. चुडामण म्हणाला, काकडीच्या वेलांवरची मावा कीड हा रोग आणते. त्यानं बांधावरचे आईचे सगळे वेल उपटले. आई महिनाभर बोलली नाही. 'मी त्याला चारचौघांत वेडा म्हणालो. पुढल्या साली आमची बाग तगली, मग शेजाऱ्यांनीही वेल काढले आणि त्यांच्याही बागा तगल्या. वेडा मी होतो. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.' एवढं सांगून आबांनी टोपीनं तोंड पुसलं.

सही झाली. तेवढ्यात बेबाबाईंनी डोळ्यातल्या काजळाचं बोट घेतलं आणि कागदाच्या कोपऱ्यात ठिपका लावला.

"अक्का, अमेरिकेचा कागद आहे!" जीवरामभाऊ ओरडले.

"येवढं कौतुक केलं, तीट नको?"

पोस्ट बंद व्हायला आलं होतं. पत्र तीट लावूनच गेलं.

अर्ज मंजूर झाला! जीवरामभाऊंनी पेढे खाल्ले. पण त्या बातमीसोबत चुडामणचं पत्रही होतं, ते त्यांनीच मोठ्यानं वाचलं. 'आबा, मी तुमच्या लेखी वेडाच आहे असं समजून घर सोडलं होतं. तुमच्या मनातलं मला आठ वर्षांनी वकिलाच्या फाइलीत वाचायला मिळालं. आईची तीट पाहून तिथंच रडलो. हे आधी कळतं तर कशाला एवढ्या लांब आलो असतो?'

आबा म्हणाले, "उत्तर लिव्ह, भाऊ." जीवरामभाऊंनी माझ्यात कागद घातला. पण आबा तो कागद कोराच ठेवून बस पकडायला निघून गेले.

आता कॉम्प्युटर आलाय. मी माळ्यावर धूळ खातोय, अक्षरं गंजली. मित्रांनो, जमलं तर कुणीतरी मला तेलाचं बोट लावा. आणि तुमच्या माणसाचं कौतुक वाटत असेल, तर तो घरात आहे तोवर त्याच्या तोंडावर करा. नजरेची भीती वाटली तर तीट लावा.