दहावर ठेवलेला खटका

मित्रांनो, वल्हवायचं एक जुनं मशीन तुमच्याशी बोलतंय. पाण्यावर मी कधीच गेलो नाही. एक लांब दांडा, त्यावर मागेपुढे सरकणारी सीट, हातात धरायची मूठ, मुठीला साखळी आणि साखळीच्या टोकाला जाळीत कोंडलेला पंखा, एवढाच माझा पसारा. मूठ ओढली की पंखा फिरतो आणि हवा त्याला पाण्यासारखी अडवते. जाळीला एक ते दहा आकड्यांचा खटका आहे. तो वर नेला की पंख्याला जास्त हवा मिळते आणि ओढणं जड होतं. हे नीट लक्षात ठेवा, सगळी भानगड त्यातूनच झाली.

नवा होतो तेव्हा एका जिममध्ये लागलो. लोक यायचे, दोन मिनिटं ओढायचे, आरशात दंड बघायचे आणि जायचे. एकाने तर वर्षभर माझ्यावर टॉवेल वाळत घातला. राग यायचा, पण मशीनच्या रागाला कोण विचारतं? जिम बंद पडली आणि मला लंबूने घेतलं.

लंबू म्हणजे नदीवर नौकांच्या शर्यतीत उतरणारी मुलगी. दाराच्या चौकटीला डोकं टेकतं, म्हणून मामाने ठेवलेलं नाव. मामाचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. तिथेच ती टेबलांना पॉलिशपेपर मारते आणि टेम्पोने माल पोचवते. थंडीत तिच्या क्लबच्या नौका शेडमध्ये जातात. तेव्हा क्लबच्या व्यायामशाळेची फी तिला झेपेना, म्हणून दोन पगार माझ्यावर घातले. घरी जागा नव्हती, त्यामुळे मी करवतीमागच्या कोपऱ्यात आलो.

सकाळी सहाला ती माझ्यावर, आठला कामावर. दुपारी डबा अर्धाच खायची, वीस मिनिटं ओढायची आणि उरलेला डबा मग संपवायची.

"तिकडे घाम गाळतेस, म्हणून इकडे टेबल घासायला हात चालत नाहीत," मामा कुरकुरायचा.

"चालतात की. तू चष्मा लावून बघ."

मामा हसायचा, पण पगार मात्र तासांवर द्यायचा.

थंडी संपताना क्लबची चाचणी होती. दोन हजार मीटर साडेसात मिनिटांच्या आत ओढले, तर वर्षभराची फी माफ. नाही जमलं तर शर्यती सोडायच्या, कारण फी भरण्याइतकं तिच्याकडे उरत नव्हतं. मामाला तिने तसं सांगूनही टाकलं होतं.

करवत दिवसभर भुसा उडवायची आणि तो पिठासारखा माझ्या जाळीत बसायचा. हवा कोंडली, मी ओढायला हलका झालो. लंबूला वाटलं, आपली ताकद वाढली. पाचवरचा खटका सातवर गेला, मग दहावर. ती खूश होती. मला मात्र आतून गुदमरायला होत होतं, पण बोलणार कसं?

चाचणीच्या दिवशी ती क्लबच्या स्वच्छ मशीनवर बसली आणि सवयीने खटका दहावर नेला. दुसऱ्या दिवशी ती मामाला सांगत होती, "भिंत ओढतेय असं वाटलं. निम्म्यातच मूठ ठेवली. क्लबचे सर म्हणाले, पंधरा दिवसांनी पुन्हा ये. पण माझ्यात दमच नाही मामा. हे मशीन विकून टाकते."

मामाने कानामागची पेन्सिल काढून ठेवली आणि पोट सावरत तो माझ्यावर बसला. चारदा ओढलं. खटका दहावरून एकवर आणला आणि पुन्हा ओढलं.

"लंबे, एकवर काय आणि दहावर काय, सारखंच लागतंय की."

त्याने स्क्रू काढून जाळी उघडली. आत भुशाची गादीच झाली होती.

"माझ्या रंध्यात भुसा दिसला की ओरडतेस," मामा म्हणाला, "आणि हे एकदाही उघडलं नाहीस?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"मला काय माहीत आत पंखा आहे ते."

लंबूने हवेचा पाइप लावला आणि किती महिन्यांनी मी श्वास घेतला. पहिल्याच ओढीला दहावर तिचे खांदे खेचले गेले. मग खटका उतरवत ती चारवर आली, आणि तिथे तिचा हात बसला. पुढचे पंधरा दिवस दुपारी तासभर करवत बंद राहिली. तो तास मामाने पगारातून कापला नाही आणि त्याबद्दल बोललाही नाही.

दुसऱ्या चाचणीहून ती थेट कामावरच आली.

"काय गं?"

"सात मिनिटं सत्तावीस."

मामाने करवत बंद केली. "बरं. सहा टेबलं पोचवायचीत," म्हणाला. पण टेबलं टेम्पोत त्यानेच चढवली, तिला हात लावू दिला नाही.

मित्रांनो, आमचं मागणं फार नसतं. महिन्यातून एकदा जाळी उघडा, साखळीला तेलाचं बोट लावा. आणि कुणी मध्येच थांबलं, तर ते कुचकामी आहे असं ठरवायच्या आधी आत डोकावून बघा. आम्हाला बोलता येत नाही. माणसांना येतं, तरी ती सांगत नाहीत.