मालनचा काढा

अशोकाच्या सालीचा काढा गाळला की मालन तो पेल्यात ओतून बाथरूममध्ये नेऊन प्यायची. बाळकुमच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये नवरा तानाजी आणि मुलगा सर्वेश घरात असताना पाळीचं औषध त्यांच्यासमोर घ्यायचं तिला जमत नसे. गेले काही महिने पाळी आली की थांबायचं नाव घेत नव्हती. काढ्याने सुरुवातीला बरं वाटलेलं. आता मात्र भाजीची पिशवी उचलली तरी छाती धडधडायची.

एका दुपारी कणीक मळता मळता तिला चक्कर आली आणि ती भिंतीला धरून खाली बसली. सून योगिनीने गॅस बंद केला, तिच्याजवळ बसली.

"आई, डॉक्टरकडे जाऊया."

"नको गं. ते पिशवी काढतात. माझ्या हौसाताईची काढली. तपासायला म्हणून गेलेली, सही भाऊजींनी केली. तिला मागाहून कळलं."

योगिनीने तिच्या हातांची कणीक पुसली. "मी आत तुमच्यासोबत बसते. तुम्ही हो म्हटल्याशिवाय कुणी काही करणार नाही."

खोपटच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. गर्भाशयात गाठ होती, पण कॅन्सरची वाटत नव्हती. अंगात रक्त फारच कमी.

काढ्याचं सांगताना मालन बोलणी खायच्या तयारीने बसलेली. बाई एवढंच म्हणाल्या, "पुष्कळजणी घेतात. त्यानं गाठ जात नाही, तपासणी तेवढी लांबते." मग योगिनीकडे वळून म्हणाल्या, "गोळ्या देऊन पाहता येईल, किंवा ऑपरेशन."

योगिनीने सासूकडे पाहिलं.

मालन म्हणाली, "पिशवी ठेवून बरं होणार असेल तर मला तसं हवंय."

"करून बघू. पण रक्त जास्त गेलं तर थांबायचं नाही, लगेच यायचं."

संध्याकाळी सर्वेशने बायकोला विचारलं, "आईला काय झालंय?"

योगिनीआधी मालनच बोलली. "पाळीत रक्त फार जातं माझं. अशक्तपणा आलाय त्याने."

तानाजीने टीव्ही बंद केला. बायकोकडे बघत राहिला. "मला सांगायचंस की," तो हळूच म्हणाला.

सर्वेश उठला आणि त्याने कणकेची परात पुढ्यात ओढली. पोळ्या जाड, वाकड्यातिकड्या झाल्या. मालनने दोन खाल्ल्या, तिसरी मागून घेतली.